फुशाला घातलेलं पाणी

खालापूरहून कर्जतकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हल्ली नर्सऱ्याच नर्सऱ्या झाल्यात. फार्महाऊसवाले शनिवारी येतात, डिकी भरून झाडं नेतात, आठवड्यात ती मारतात आणि पुढच्या शनिवारी दुसरी न्यायला येतात. नर्सरीवाल्यांचं बरं चाललंय. मी त्या रस्त्यानं दर रविवारी माहेरी जाते, पण आजवर एकाही नर्सरीत पाय ठेवला नव्हता. ह्या रविवारी ठेवला, कारण रिक्षातून जाताना हिरव्या जाळीखाली टांगलेल्या कुंडीत मला फुशा दिसली.

फुशा म्हणजे ती तुमची फ्युशिया. कानातल्या डुलासारखं लोंबणारं फूल, बाहेरच्या चार लाल पाकळ्या मागे वळलेल्या, आत जांभळा घेर आणि त्यातून खाली उतरलेले लांब दोरे. तिला वास म्हणून नसतो. तरीही रिक्षा थांबवून मी त्या जाळीखाली उभी राहिले तेव्हा माझ्या नाकात वास भरला, साचल्या पाण्यात कुजलेल्या मुळांचा. बेचाळीस वर्षं झाली त्या वासाला.

सरळच सांगते. बारा वर्षांची असताना मी असं एक झाड मारलं. ते माझ्या वहिनीचं होतं, दादाच्या बायकोचं, आणि तिचा त्याच्यात जीव होता. वहिनीला वाटतं ते माझ्या आईनं मारलं. कारण आई तसं म्हणाली, आणि मी दाराआड उभी राहून ते ऐकलं आणि गप्प बसले. तेव्हापासून त्या दोघी एका घरात राहतात आणि कामापुरतं बोलतात. आता आई चौऱ्याऐंशीची आहे, नवरात्रापासून अंथरुणाला खिळलीय, आणि डॉक्टरनं दादाला बाजूला घेऊन सांगितलंय की आता औषधापेक्षा सेवा करा. सांगायचं तर आताच सांगायला हवं. मागचे तीन रविवार मी हेच ठरवून गेले आणि दादाच्या शेतातला वाल पिशवीत घालून मुकाट परत आले.

"फ्युशिया आहे ताई, उटीचा माल," नर्सरीवाला म्हणाला. "ही डबल घ्या. फूल बघा केवढं."

फूल होतंच केवढं, झालरीझालरीचं, पांढरं-गुलाबी. पण माझ्या कानात वहिनीचा जुना आवाज बोलायला लागला. फुलाला भुलायचं नाय, बाय. फूल आज हाय, उद्या गळंल. पान उलटून बघ. मी पानं उलटली तर डबलच्या पानांखाली पांढरी माशी बसलेली. वहिनी म्हणायची, भरगच्च फुलाचं झाड लाडावलेलं असतं, आपल्याकडच्या उन्हात ते आठवड्याभरात रुसतं. साधं, बारीक फुलाचं घ्यावं. पेरं जवळजवळ हवीत, बुंध्यापासून फांद्या फुटलेल्या हव्यात, उमललेल्या फुलांपेक्षा कळ्या जास्त हव्यात. मग कुंडी उचलून वजन जोखायचं आणि तळाच्या भोकातून मुळं पांढरी दिसतायत का ते बघायचं. त्या भोकाकडं बघत मी कुंडी तशीच अधांतरी धरून उभी राहिले. नर्सरीवाल्याला वाटलं कुंडी जड झाली. "द्या ताई, मी ठेवतो रिक्षात," तो म्हणाला.

साधी, लाल-जांभळी, बारीक फुलाची निवडली. कर्जतला उतरून माहेरकडं जाणारी कळंबची गाडी धरली आणि कुंडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. वाटेत वाक्य घोकत होते. वहिनी, ते झाड मी मारलं. एवढंच तर आहे. शाळेत कविता पाठ करून जायची आणि बाईंसमोर उभं राहिलं की पहिली ओळच पळून जायची, तसं माझं दर रविवारी होतं. लांबून माथेरानचा डोंगर दिसायला लागला.

वहिनी त्या डोंगरावरची. तिचे बाबा माथेरानला एका बंगल्यावर माळी होते. माघात लग्न झालं. नव्या नवरीच्या ट्रंकेत काय काय आलंय ते बघायला बायका जमल्या, ट्रंक उघडली, आणि साड्यांच्या वर केळीच्या बुंध्याच्या सोपात गुंडाळलेल्या चार काड्या निघाल्या. ओल्या शेवाळात ठेवलेल्या, चार-चार बोटांच्या. शेजारची काकू म्हणाली, "काय गं बाय, माथेरानला सोनं नाय मिलत काय? काड्या घेऊन आलीस सासरी?" सगळ्या हसल्या. वहिनी पण हसली, पण काड्यांवरचा हात काही तिनं काढला नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते, मला तिच्या हिरव्या बांगड्यांचा आणि त्या शेवाळाचा एकत्र वास येत होता.

आमचं घर भातवाल्यांचं. आमच्या घरात झाड म्हणजे आंबा, फणस, शेवगा. फूल म्हणजे देवाला जास्वंद आणि वेणीला अबोली. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "देवाला चालतं हे?" वहिनी म्हणाली, "नाय वाटत." "वेणीत बसतं?" "देठ नाजूक असतो, आई. गळतं." "मंग?" वहिनीनं काड्या परत शेवाळात गुंडाळल्या. ती म्हणाली, "बघायला बरं वाटतं." आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. फक्त बघायला म्हणून कुणी काही लावतं हे आम्ही दोघींनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

चारातल्या दोन काड्या कुजल्या, एक कोंबडीनं उपटली. एक लागली. न्हाणीच्या मागे पूर्वेच्या भिंतीला सकाळचं ऊन दोन तास येतं आणि मग दिवसभर सावली, तिथं वहिनीनं ती ठेवली. लहान कुंडी मोठ्या कुंडीत, मधल्या जागेत वाळू, आणि त्या वाळूवर पाणी, म्हणजे मुळं गार राहतात. भोवती भिजवलेलं गोणपाट. तीन पानांच्या जोड्या आल्या की ती शेंडा खुडायची. मी कळवळून म्हणायचे, अगं मोडतेस कशाला? ती म्हणायची, "खुडल्याशिवाय फुटत नाय, बाय. सरळ वाढू दिलं तर नुसता बांबू होईल." शाळेतून आले की मी दप्तर फेकून आधी तिथं पळायचे. तिथल्या ओल्या गोणपाटाला एक थंड, आंबूस वास असायचा. मला अजून कुठं ओलं गोणपाट दिसलं की मी वास घेते, लोक बघतात.

चैत्रात पहिली दोन फुलं आली. वहिनीनं दोरा बांधून ती माझ्या कानांना लटकवली. मी दिवसभर मान हलवत गावभर हिंडले. आईसुद्धा हसली होती, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "रानी बघा आमची." पण माझी आई तोंडाची फटकळ. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाण्याला गर्दी होती आणि वहिनी फुशासाठी जास्तीची कळशी आणायला निघाली, तेव्हा आई चारचौघींत म्हणाली, "एका बादलीत मरंल ते. त्याचे किती लाड." बोलण्यात काही नव्हतं, आई गाईला पण असंच बोलायची. पण बोललेलं राहतं.

संध्याकाळी वहिनी तुळशीपाशी दिवा लावून डोंगराकडं बघत उभी राहायची. आमच्या अंगणातून माथेरानची कड स्पष्ट दिसते. माहेर समोर दिसतंय आणि जाता येत नाही, ह्याच्यासारखा छळ नाही. एकदा तिनं मला विचारलं, "बाय, तुला काय वाटतं, ही उन्हाळा काढंल?" मी म्हटलं, काढेल की. ती म्हणाली, "बाबा म्हणाले, खाली फुशा जगत नाय. जगवलीस तर मानीन. ही जगली तर मी पण जगंन इथं."

मोठ्या माणसानं हे ऐकलं असतं तर नव्या सुनेचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. मी बारा वर्षांची. मी ते शब्दाला शब्द धरलं. झाड गेलं तर वहिनी जाणार, एवढं माझ्या डोक्यात बसलं, आणि रोज शाळेतून येताना मी अर्धी वाट पळतच काढायचे.

वैशाख आला. आमच्याकडं ते राब भाजायचे दिवस. ज्या तुकड्यात भाताची रोपं टाकायची त्यावर शेण, पाला, गवत पसरून पेटवून देतात. सगळ्या शिवारात धूर, घरात राख, पाण्याच्या हंड्यावर राख, जिभेवर राखेची चव. त्या उन्हात फुशा दुपारी मान टाकायची. पानं लुळी, कळ्या लोंबलेल्या, बघवायचं नाही. वहिनी कुंडीत बोट घालून बघायची आणि नुसती शेजारी बसून राहायची. मी म्हणायचे, पाणी घाल ना गं. ती म्हणायची, "माती ओली हाय. तिला तहान नाय लागलेली, तिला ऊन लागलंय. दुपारी मान टाकंल, टाकू दे. संध्याकाळी आपली आपण उठंल." आणि खरंच, ऊन कललं की उठायची.

मग वहिनीच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं आणि ती आठ दिवस माहेरी गेली. जाताना झाड माझ्या हवाली केलं. "गोणपाट भिजव. वाळू भिजव. कुंडीत बोट घालून बघितल्याशिवाय पाणी घालायचं नाय. मान टाकली तरी नाय. कळलं?" मी मान डोलावली. दादा तिची पिशवी घेऊन पुढं चालत होता, ती दोनदा मागं वळली.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फुशानं मान टाकली. मी समोर बसले. बोट घालून बघितलं, माती ओली होती. बसून राहिले. पण आम्ही भातवाले हो. आमच्या शिवारात रोपानं मान टाकली की एकच उपाय, पाणी. पाणी जास्त होतं हे भातवाल्याच्या पोरीला कोण पटवणार? जास्त म्हणजे किती? आमचं भात तर घोटाभर पाण्यात उभं असतं आणि डुलतं. मी हळूच एक तांब्या ओतला. संध्याकाळी झाड उठलं. ते तसंही उठणार होतं, पण मला वाटलं माझ्या पाण्यानं उठलं.

तिसऱ्या दिवशी दोन तांबे ओतले. पाणी तळाच्या भोकातून वाळूत निघून गेलं. माझा जीव तुटला. एवढ्या लांबून आणलेलं पाणी वाया. शेतात बांधाला भगदाड पडलं तर माझे बाबा काय करायचे? चिखलाचा गोळा घेऊन लिंपायचे, टाचेनं दाबायचे. मी कुंडी बाहेर काढली, तळ्यावरून चिकण माती आणली आणि भोक आतपर्यंत लिंपून टाकलं. अंगठ्यानं दाबलं. मग वरपर्यंत पाणी भरलं. झाडाच्या बुंध्याशी छोटंसं भातखाचर झालं, त्यात आभाळ दिसत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी दुपारची झोपले.

चौथ्या दिवशी फुशा संध्याकाळी उठली नाही. पाचव्या दिवशी मी अजून पाणी घातलं. सहाव्या दिवशी बुंधा काळा पडला, हात लावला तर मऊ लागला. त्या दिवशी तो वास आला. मी अंथरुणात तोंड खुपसून रडत होते, आणि आईनं न्हाणीमागे जाऊन काय ते बघितलं. परत येऊन तिनं मला उठवून बसवलं. वेणीफणी करून दिली आणि म्हणाली, "जेव."

आठव्या दिवशी वहिनी आली. तिनं माझ्यासाठी माथेरानच्या चपला आणल्या होत्या, लाल पट्ट्याच्या. चपला माझ्या हातात देऊन ती तशीच न्हाणीमागे गेली. मी दाराआड.  मग ती कुंडी घेऊनच आत आली आणि चुलीसमोर उभी राहिली. कुंडीतलं पाणी हिंदकळून तिच्या नव्या साडीवर सांडत होतं. "कुणी केलं हे?" तिनं विचारलं. मला बोलायचं होतं. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी घातलं पानी. सुकत हुतं. काय झालं? झाड ते झाड."

वहिनीनं कुंडी कलती केली. तळाचा चिखल गळून पडला. तिनं तो बघितला, आईकडं बघितलं. विहिरीवरचं ते एका बादलीचं बोलणं तिला आठवलं असणार. म्हणाली, "बरं."

श्रावणात तिचे बाबा गेले. बंगला विकला गेला, नव्या मालकानं बाग काढून टाकली. त्यांच्या हातची ती एवढीच काडी खाली आली होती. हे मला तेव्हाही कळलं, आणि मी तेव्हाही बोलले नाही. आधी भीती होती, मग लाज वाटली, मग इतकी वर्षं झाली की आता कुठं, असं झालं. त्या लाल चपला मी एकदाही घातल्या नाहीत. पाय वाढला म्हणून सांगितलं.

आई आणि वहिनी कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मिटलं तरी असतं. वहिनीनं आईचं सगळं केलं, कसूर म्हणून नाही. पण तिच्यापाशी बसून कधी दोन शब्द बोलली नाही. तिनं पुढं मागच्या अंगणात मोगरा लावला, गुलाब लावले, शेवंती लावली, आणि आई त्या बाजूला कधी फिरकली नाही. माझ्यावर मात्र वहिनीनं पोटच्या पोरीसारखा जीव लावला. मला खालापूरला दिली तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. दिवाळीला दादाला मला न्यायला उशीर झाला तर तिचा फोन यायचा, बाय, पिशवी भरून बस. माझ्या सासरच्या बायका म्हणायच्या, हिचं माहेर म्हणजे हिची भावजय. मला ते ऐकून गोड वाटायचं, आणि लगेच त्या लाल चपला आठवायच्या.

गाडीतून उतरून घराकडं वळले तेव्हा अकरा वाजले असतील. शेजारच्या रिसॉर्टमध्ये गाणी लागली होती. घरावर आता स्लॅब आहे, पुढं पत्र्याची पडवी. वहिनी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे केस पार पांढरे झालेत. दादा शेतावर गेला होता. तिनं मान वर केली, तोंडभर हसली, आणि मग तिला माझ्या हातातली कुंडी दिसली.

हसणं गेलं. ती उठली नाही. सोललेली शेंग हातात तशीच.

"कुठं मिळाली?"

"खालापूरच्या रस्त्याला. उटीची आहे म्हणे."

तिनं हात पुढं केला. मी कुंडी दिली. तिनं फुलाकडं बघितलंच नाही, पान उलटलं, पेरांवरून बोट फिरवलं, कुंडी उचलून वजन घेतलं. "सिंगल आणलीस," ती म्हणाली.

"तूच शिकवलंस."

"लक्षात हाय तुझ्या?" असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले, पटकन, घाम पुसावा तसे. मग शेंगांची परात बाजूला सारून उठली आणि मागून मातीची मोठी कुंडी घेऊन आली. आत आई खोकली. वहिनी आत गेली, आईला कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून आली. आतून एका शब्दाचाही आवाज आला नाही. 

मग आम्ही दोघी खाली बसलो. तिनं माती चाळली, मी पालापाचोळ्याचं खत मिसळलं. ती वाळू घालत होती, मी कुंडी धरली होती. आमची डोकी जवळजवळ आली होती आणि तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, तोच. वाक्य माझ्या जिभेवर होतं. वहिनी, ते झाड. वहिनी, ते. मी उगाच म्हणाले, "ऊन कडक व्हायला लागलं आता." ती म्हणाली, "फागुन लागंल ना."

तिनं लोटीनं पाणी घातलं आणि थांबली. खालच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत बघत राहिली. तो आला तेव्हा तिनं बोट घालून भोक चाचपलं. "हे मोकळं पायजे," ती म्हणाली. "एवढीच गोष्ट असते. पण मानसं..." आणि तिची नजर मधल्या खोलीच्या दाराकडं गेली, जिथं आई पडली होती. बेचाळीस वर्षांनीसुद्धा त्या नजरेत जे होतं ते बघून माझ्यानं राहवेना.

"वहिनी, ते भोक मी बुजवलं होतं."

तिचा हात थांबला.

"आईनं नाही. आईनं हातसुद्धा लावला नव्हता. तू लग्नाला गेलीस तेव्हा मी रोज पाणी घातलं, आणि ते वाहून जातंय म्हणून चिखल लिंपला. मला वाटलं झाड गेलं तर तू जाशील. मी दाराआड होते. आई खोटं बोलली आणि मी बोलू दिलं."

तिनं कुंडी खाली ठेवली.  शेजारची गाणी चालूच होती. तिच्या बोटांवरची ओली माती सुकायला लागली होती आणि मी त्या बोटांकडंच बघत होते, तोंडाकडं बघायची छाती नव्हती.

"तू बारा वर्षांची पोर," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी खालचा. "मी चार दिवस रडले असते, तुला दोन रट्टे दिले असते, आणि जवळ घेतलं असतं. संपलं असतं. तू काय केलंस हे? मी त्या बाईशी..." तिनं हातानंच आतल्या खोलीकडं दाखवलं. मग म्हणाली, "रोज अंग पुसते मी त्यांचं. रोज मनात म्हणते, तुमी माझ्या बाबांची काडी मारलीत. रोज. आज सांगून तुझं वझं उतरलं, बाय. मी आता कुठं नेऊ?"

 ती उठली आणि तशाच मातीच्या हातांनी आत गेली. मी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. आत जायची हिंमत झाली नाही.

वहिनी खाटेशेजारी उभी होती. "झाडाला पानी तुमी नव्हतं घातलं," ती म्हणाली.

आईनं डोळे उघडले. तिला आता शब्द गोळा करायला वेळ लागतो. तिची नजर वहिनीवरून फिरत दारात माझ्यावर आली आणि थांबली. "तिनं सांगितलं?"

"सांगितलं. तुमी कशाला घेतलंत अंगावर? मी काय पोरीला मारून टाकनार होते?"

"मारली असतीस तर बरं हुतं," आई म्हणाली. "पन तू मारनारी नव्हंस. तू मनात धरनारी. मी बगितलं हुतं ना तुला, माघापासून बगत हुती." ती दम खाऊन थांबली. वहिनी वाकली. "मी मेली की तिचं माहेर कोन? तिचा भाऊ? भाऊ दार उघडतो, आत घेती ती भावजय. तिच्यावर राग धरला असतास तर कुठं आली असती ती? सासूवर धरलेला सासूबरोबर जातो. मंग तुजं बाबा गेलं. मंग तर सांगायची सोयच नाय राह्यली."

एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली. मला आयुष्यभर वाटत होतं की आईनं मला मारापासून वाचवलं. मार केवढा, दोन रट्ट्यांचा. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच होतं, की तिनं बेचाळीस वर्षं जे राखलं ते मी आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, माझ्या हातानं मोडलं.

वहिनी खाटेच्या कडेवर बसली. आईच्या अंगावर तिच्या हाताची माती लागली, तिनं ती पुसली नाही. आईचा हात तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली, काही काम नसताना. तिचे खांदे हलत होते. माझ्याकडं तिनं पाठ केली होती. मी हळूच मागं झाले, पडवीत ठेवलेली माझी पिशवी उचलली. दुपारची गाडी मिळाली असती.

"बाय," आतून हाक आली.

मी दारात गेले. तिनं वळून बघितलं नाही.

"मला तुझा राग आलाय. लई आलाय. आज जानार नाय तो, ह्या वर्षी पन जानार नाय." तिनं नाक पुसलं. "तू येत राहा."

मी पिशवी खाली ठेवली.